‘द काउंटरफिट ट्रेटर’ (1962) – जुना आहे, लांब आहे, पण बघाच

गेल्या रविवारी आबांना घेऊन हा सिनेमा बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलेय. पहिल्यांदा मी तो वीसेक वर्षांपूर्वी बघितला होता, एकटीने, रात्री उशिरा, आणि तेव्हा फक्त एक जबरदस्त थ्रिलर म्हणून आवडला होता. आता वयाची पन्नाशी ओलांडल्यावर आणि शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा बसलेले असताना बघितला तर तो वेगळाच निघाला. आबांनी माहुलच्या रिफायनरीत 36 वर्षं काढलीत, शिफ्ट ड्युटी, ऑपरेशन्समध्ये. आणि हा सिनेमा वरवर हेरगिरीचा असला तरी मुळात तेलाचा आहे, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

आधीच सांगते, पुढे अर्ध्याहून जास्त गोष्ट फोडणारे. ज्यांना काहीच माहीत नसताना बघायचाय त्यांनी आधी बघून या, मग वाचा.

गोष्ट अशी. दुसरं महायुद्ध चालू आहे, स्वीडन तटस्थ आहे. स्टॉकहोममध्ये एरिक एरिकसन नावाचा तेलाचा व्यापारी आहे, जन्म अमेरिकेतला, ब्रुकलिनचा, पण नंतर स्वीडनचा नागरिक झालेला. धंदा जर्मनीशीही चालू, कारण तटस्थ देशातला माणूस, त्याच्या मते त्यात गैर काही नाही. दोस्त राष्ट्रांनी मात्र त्याचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये टाकलंय, आणि एकदा त्या यादीत नाव गेलं की युद्ध संपल्यावरही धंद्यातून उठलात. अशा वेळी ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा कॉलिन्स त्याला गाठतो आणि सौदा मांडतो: जर्मनीत जा, तेलाचे कारखाने बघ, आम्हाला सांग, आम्ही युद्धानंतर तुझं नाव साफ करू. म्हणजे देशप्रेम नाही, आदर्श नाही, हिटलरचा तिटकाराही फार नाही. माणसाला सरळ कोंडीत पकडलंय. विल्यम होल्डनच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो वैताग आहे ना, एखाद्या व्यापाऱ्याला त्याच्याच दुकानात येऊन कुणी दमात घ्यावं तसा, तो मला फार खरा वाटला.

होल्डनला असली माणसं साकारायची हातोटीच होती. ‘स्टॅलॅग 17’ साठी त्याला ऑस्कर मिळालं तोही असाच आपल्यापुरतं बघणारा युद्धकैदी, आणि ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ मध्येही सुटून आलेल्या माणसाला बळजबरीने परत त्याच जंगलात पाठवतात. पण इथे त्याला पूर्ण दोन तास वीस मिनिटं मिळालीत, आणि बदल इतक्या सावकाश होतो की नेमका कुठल्या सीनमध्ये तो बदलला असं बोट ठेवून सांगता येत नाही.

कॉलिन्सचं काम ह्यू ग्रिफिथने केलंय, ‘बेन हर’ मधला घोडेवाला शेख तोच. गोड बोलून गळा आवळणारा साहेब. त्याला एरिकसनचं वाईट वाटतं का नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, पण माणूस तत्त्वाने चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही, आणि हीच पंचाईत आहे.

मला सगळ्यात जास्त लागला तो सुरुवातीचा भाग. हेर बनायचं म्हणजे पिस्तूल चालवायला शिकायचं नाही, तर आपल्या माणसांत बदनाम व्हायचं. जर्मनांचा विश्वास बसायला हवा म्हणून एरिकसन उघडपणे नाझींच्या बाजूने बोलायला लागतो. मॅक्स गुम्पेल हा त्याचा जवळचा ज्यू मित्र, त्याचा चारचौघांत तोंडावर अपमान करतो. ओळखीचे लोक तोंड फिरवतात. बायको सोडून जाते. आणि यातलं एक अक्षर कुणाला सांगायची सोय नाही. आपल्याकडे म्हणतात ना, लोकांची तोंडं धरता येत नाहीत, इथे तर यानेच लोकांच्या तोंडी शब्द घातलेत आणि आता ते निमूट ऐकून घ्यायचेत. आबा त्या सीनला म्हणाले, “याला गोळी लागली असती तर बरं, असं याला वाटत असेल.” मी काही बोलले नाही.

मग तो जर्मनीत जातो. निमित्त काय, तर स्वीडनमध्ये रिफायनरी उभारायची आहे, जर्मन पैसा हवाय, जर्मन तंत्र हवंय. जर्मनांनाही ते हवंच असतं कारण त्यांच्या रिफायनऱ्यांवर बॉम्ब पडायची भीती आहे आणि तटस्थ देशातली रिफायनरी म्हणजे सुरक्षित जागा. या निमित्ताने त्याला कारखान्यांत फिरायला मिळतं. इथे आबा खुर्चीत एकदम पुढे सरकून बसले. “गेटपास मिळाला की निम्मं काम झालं,” म्हणाले. मी म्हटलं, आबा, नुसतं फिरून काय कळणार, कागद तर कुणी दाखवणार नाही. तर त्यांनी सिनेमा थांबवायला लावला आणि मला दहा मिनिटं समजावलं. कुठल्या चिमणीतून धूर नाही म्हणजे कुठलं युनिट बंद आहे, साइडिंगला टँक वॅगन किती उभ्यात आणि भरलेल्या आहेत का रिकाम्या, कुठे परांची बांधलीये म्हणजे कुठे दुरुस्ती चालू आहे, फ्लेअर, म्हणजे जादा वायू जाळायची ज्योत, किती मोठी पेटलीये, शिफ्ट सुटताना गेटमधून किती माणसं बाहेर पडतात. “जाणकार माणूस एका फेरीत प्लांट वाचतो गं. त्याला प्रश्न विचारायला लागत नाहीत, उलट त्याने प्रश्न विचारले की समज काहीतरी गडबड आहे.” हे ऐकल्यावर पुढचे कारखान्यातले सीन मी वेगळ्याच नजरेने बघितले. एरिकसन हसत हसत गप्पा मारत चालतो आणि डोळे सतत काम करत असतात, होल्डनने ते बरोबर पकडलंय.

थोडी माहिती इथेच देते कारण ती नसेल तर एवढा जिवावर उदार होण्याचा मुद्दा नीट पोचत नाही. जर्मनीकडे स्वतःचं खनिज तेल जवळजवळ नव्हतंच. रुमानियातल्या प्लोएश्टीहून यायचं ते, आणि बाकी कोळशापासून बनवलेलं कृत्रिम तेल. कोळशावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून पेट्रोल काढायची पद्धत फ्रीडरिश बर्गियसने शोधली, त्याला 1931 चं नोबेल मिळालं होतं. लॉयनासारखे अवाढव्य कारखाने यावर चालायचे, आणि विमानांचं पेट्रोल मुख्यतः तिथूनच यायचं. 12 मे 1944 ला अमेरिकन विमानांनी या कारखान्यांवर मोठा हल्ला केला आणि मग थांबलेच नाहीत. युद्धानंतर अमेरिकेने केलेल्या बॉम्बहल्ल्यांच्या पाहणीत आकडे आहेत: या कृत्रिम तेलाच्या कारखान्यांतून एप्रिल 1944 मध्ये 1,75,000 टन विमानाचं पेट्रोल निघायचं ते जुलैत 30,000 वर आलं आणि सप्टेंबरमध्ये 5,000 वर. आबांना हा आकडा वाचून दाखवला तर ते बराच वेळ गप्प. विमानं तयार होत होती, उडवायला पेट्रोल नाही. म्हणजे कुठला कारखाना कधी दुरुस्त होऊन परत चालू झाला ही साधी वाटणारी बातमी किती मोलाची होती बघा.

आता हा एरिकसन जर्मनीत माणसं कशी जोडतो, तर तिथेही व्यापारीच. हॅम्बुर्गचा ओटो होल्ट्झ, एक बॅरन, अशा जुन्या ओळखीच्या लोकांना तो भरीला घालतो. ते विचारतात, आम्हाला काय मिळणार? तर तो त्यांना लेखी हमीपत्र देतो, की या माणसाने दोस्त राष्ट्रांना मदत केलीये, युद्ध संपल्यावर हे दाखवा. बास, एक कागद. आणि पूर्ण सिनेमाभर तो कागद डोक्यावर टांगलेला राहतो. सापडला की लिहून देणाराही मेला आणि घेणाराही. होल्ट्झचा मुलगा हान्स आहे दहा-बारा वर्षांचा, हिटलर युथच्या, म्हणजे नाझींच्या मुलांच्या संघटनेच्या, गणवेशातला, आणि घरात त्याच्या समोर बापाला जपून बोलावं लागतं. पोटच्या पोराची भीती! मला यातला एकही गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी तेवढा भयानक वाटला नाही जेवढा तो मुलगा वाटला, कारण त्याला खरंच वाटतं की तो योग्य करतोय, शाळेत शिकवलंय तसं वागतोय. जेवणाच्या टेबलावर मोठी माणसं वाक्य अर्ध्यात सोडतात, चमच्यांचा आवाज येतो, मूल बघत असतं. एवढंच आहे, पण श्वास अडकतो.

आणि मग मारियान. लिली पामर. या बाईंबद्दल किती लिहू. मारियान मोलेनडॉर्फ ही जर्मन, लष्करी अधिकाऱ्याची बायको, बर्लिनच्या वरच्या वर्तुळात वावरणारी आणि आतून दोस्त राष्ट्रांसाठी काम करणारी. पैशासाठी नाही, धाकाने नाही, ती कट्टर कॅथलिक आहे आणि जे चाललंय ते पाप आहे असं तिला मनापासून वाटतं. दोघांनी वारंवार भेटायला निमित्त हवं म्हणून प्रेमप्रकरणाचं नाटक करायचं ठरतं, आणि त्याचं खरं होतं. हे वाचायला नेहमीचं वाटेल, पण बघताना तसं वाटत नाही, कारण दोघंही तरुण नाहीत, दोघांच्या मागे संसार आहेत, आणि एक जण धाकाने आलाय तर दुसरी श्रद्धेने. तो तिला आधी समजूच शकत नाही. कुणी जबरदस्ती केली नसताना हे काम करणारी माणसं असतात हेच त्याला नवीन. लिली पामर स्वतः जर्मनीत वाढलेली, ज्यू घरातली, 1933 मध्ये देश सोडून गेलेली. तिने हा रोल करताना काय काय आठवलं असेल.

मारियानने दिलेल्या माहितीवरून बॉम्बहल्ला होतो आणि त्यात निष्पाप माणसं मरतात. आणि ती कोसळते. आपण पाठवलेल्या चिठ्ठीने हे झालं. एरिकसन समजावतो पण तिला ते पटत नाही, आणि पटूही नये असं मला वाटतं. मला लगेच कोपनहेगनची ती शाळा आठवली. 21 मार्च 1945 ला ब्रिटिश विमानं गेस्टापोच्या मुख्यालयावर बॉम्ब टाकायला गेली, तेही डेन्मार्कमधल्या भूमिगत लोकांनीच मागितलं म्हणून, त्यातलं एक विमान एका शाळेजवळ कोसळलं, आणि मागून आलेल्या विमानांनी त्या आगीलाच लक्ष्य समजून बॉम्ब टाकले. 86 मुलं गेली. बहुतेक युद्धपट कारखाना उडाला की टाळ्यांचं संगीत लावून पुढे जातात. हा सिनेमा थांबतो आणि खाली कोण होतं ते विचारतो.

इथे आबांनी 1971 ची गोष्ट काढली, जी मी कधीच ऐकली नव्हती. मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, आणि आबा रिफायनरीत नाइट शिफ्टला, चोवीस वर्षांचे. वर बॉम्ब पडला तर काय हा विचार प्रत्येकाच्या मनात, कुणी बोलत नव्हतं. मग बातमी आली की आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला, केमारीचे तेलाचे टँक पेटलेत. कँटीनमध्ये जल्लोष झाला, आबा पण ओरडले. “आणि मग टँक फार्मवर राउंडला गेलो,” म्हणाले, “डिप घ्यायला, म्हणजे तेलाची पातळी मोजायला, टँकवर चढलो, आणि एकदम वाटलं, तिथे पण कुणीतरी माझ्यासारखाच वर चढला असेल.” चोपन्न वर्षं हे मनात ठेवलं होतं त्यांनी. आईलाही सांगितलं नव्हतं बहुतेक.

असो. मारियान हे ओझं सहन न होऊन चर्चमध्ये जाते, कन्फेशनला. लाकडी जाळीच्या या बाजूला ती, पलीकडे फादर, आणि ती सगळं सांगून टाकते. आणि जाळीपलीकडे फादर नसतो, गेस्टापोचा माणूस असतो. माझी ऑफिसमधली एक मैत्रीण वसईची आहे, कॅथलिक, तिला मी हे फोनवर सांगितलं तर ती सुन्नच झाली. म्हणाली, आमच्यात पापनिवेदनात ऐकलेलं फादर जीव गेला तरी बाहेर बोलत नाही, तो बंद दरवाजा आहे, तिथेच असं करायचं म्हणजे माणसाला जायला जागाच उरली नाही. मला तो सीन आधी चलाख ट्विस्ट वाटला होता. तिच्या बोलण्यानंतर कळलं की एका श्रद्धाळू बाईकडची शेवटची जागा हिरावून घेतलीये.

पुढे एरिकसनलाही पकडून बर्लिनच्या मोआबिट तुरुंगात नेतात आणि खिडकीशी उभं करून खाली अंगणात तिला गोळ्या घालताना बघायला लावतात. त्याच्यावर संशय आहे, त्याचा चेहरा कसा होतो ते बघायचंय. मी या सीनबद्दल जास्त लिहीत नाही. होल्डन तिथे अभिनय करतोय असं वाटतच नाही. त्याआधी एका कारखान्यात मजुराला सगळ्यांदेखत फासावर दिलेलं त्याने बघितलेलं असतं, तेव्हाच काहीतरी हललं होतं, पण इथून पुढे कॉलिन्सला त्याला ब्लॅकलिस्टची भीती दाखवायची गरज उरत नाही. तो घरी जाऊ शकत असताना परत जर्मनीत जातो. आणि हे तो कुणाला भाषण देऊन सांगत नाही, नुसती बॅग भरतो.

शेवटचा भाग म्हणजे पळापळ. त्या कागदाचं काय होतं ते तुम्ही ओळखलं असेलच, हान्स घरात आहे. मग जर्मनीतून डेन्मार्क, कोपनहेगनच्या रस्त्यावर सायकलवाल्यांचा लोंढा आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी न बोलता केलेली मदत, मग होडीतून स्वीडन. होडीत लपलेला एक आजारी ज्यू माणूस आहे, त्याला खोकल्याची उबळ येतेय आणि वर जर्मन सैनिक कुत्रे घेऊन झडती घेतायत. हा माणूस म्हणजे तरुण क्लाउस किन्स्की. मोजकीच मिनिटं आहे पण ते डोळे विसरता येत नाहीत. कुत्र्यांना चकवायची ती युक्ती खरी आहे बरं का, डॅनिश लोकांनी रक्त आणि कोकेन यांचं मिश्रण लावलेले रुमाल वापरले होते, कुत्र्याने हुंगलं की त्याचं नाक काही वेळ बधिर. 1943 च्या ऑक्टोबरात सात हजारांहून जास्त ज्यू लोक अशाच होड्यांतून त्या चिंचोळ्या समुद्रातून स्वीडनला पोचले. सिनेमात ते होडीच्या तळाशी, माशांच्या वासात, एका खोकल्यावर येऊन ठेपतं. त्या माणसाचं काय होतं ते नाही सांगत.

आता न आवडलेलं. सिनेमा 140 मिनिटांचा आहे आणि मध्ये वीस मिनिटं तरी कमी करता आली असती, विशेषतः पळापळीच्या भागात, मारियान गेल्यावर मन इतकं जड झालेलं असतं की त्यानंतरचे पाठलाग लांबल्यासारखे वाटतात. एरिकसनचं निवेदन पार्श्वभूमीला सतत चालू असतं, जे दिसतंय तेच परत सांगतं, होल्डनच्या चेहऱ्यावर दिग्दर्शकाने म्हणजे जॉर्ज सीटनने जास्त विश्वास ठेवायला हवा होता. सगळे जर्मन आपसात इंग्रजी बोलतात, त्या काळची पद्धत, पाच मिनिटांत सवय होते. आणि त्याची बायको इनग्रिड! एवा डालबेकसारखी, स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या सिनेमांत गाजलेली नटी घेतली आणि तिला करायला काही दिलंच नाही, नवरा नाझी झाला असं समजणाऱ्या बाईची बाजू दोन सीनमध्ये उरकली. तिच्या घरात, तिच्या मैत्रिणींत त्या दिवसांत काय झालं असेल ते मला बघायचं होतं.

बाकी शूटिंग खऱ्या जागी झालंय, स्टॉकहोम, हॅम्बुर्ग, बर्लिन, कोपनहेगन, आणि ते जाणवतं. सेटवरचा खोटेपणा नाही. आल्फ्रेड न्यूमनचं संगीत पण गरज नसेल तिथे गप्प राहतं. एरिकसन हा खराखुरा माणूस होता, सिनेमा त्याच्यावरच्या पुस्तकावरून घेतलाय. पण सिनेमा म्हणजे सिनेमा, प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा घडला असं धरून चालू नका.

बघायला बसाल तर संध्याकाळी लवकर बसा, जेवणं आधी उरकून घ्या, कारण होल्ट्झच्या घरापासून पुढे उठवणार नाही. सबटायटल्स लावा, ह्यू ग्रिफिथ भराभर बोलतो. माझ्याकडच्या कॉपीत रंग थोडे फिके झालेत पण चालतंय. आबांना परत बघायचाय, कारखान्याचा भाग त्यांना थांबवून थांबवून बघायचाय, आणि या वेळी वसईची मैत्रीणही येणारे. तिला सांगून ठेवलंय की कन्फेशनचा सीन आला की हवं तर आत चहा टाकायला जा. ती म्हणाली, नाही, मी बसणार.